एक्केचाळिसावी रांग

सुटी नाणी परत घेताना झुहैरच्या तळहाताला आधी एक अंगठा लागला, मग एक करंगळी. मधलं काहीच लागलं नाही. नाणी त्याच्या हातात पडली, तो हात मागे गेला, पण न लागलेल्या तीन बोटांचा स्पर्श मात्र तळहातावर तसाच राहिला. दुकान कॉफी भाजणाऱ्याचं होतं, अम्मानमध्ये वैबदेच्या चढावर, ऑफिसपासून दोन वळणं खाली. नेहमीच्या दुकानाचं शटर बंद होतं म्हणून तो इथे शिरला होता, एवढंच. रविवार, आठवड्याचा पहिला दिवस, सकाळचे आठ. भाजणीचं यंत्र घरघरत होतं, ताज्या कुटलेल्या वेलदोड्याचा वास नाकात जाऊन बसत होता. त्याने वर पाहिलं नाही. तो हाताकडेच बघत राहिला. बोटांच्या जागी कातडी ओढून शिवलेली होती, गुळगुळीत, आजूबाजूच्या कातडीपेक्षा उजळ, पिशवीचं तोंड शिवावं तशी.

“अहो, इंजिनियरसाहेब ना तुम्ही? झुहैरसाहेब!” हाताच्या वरून कुठूनतरी आवाज आला. “मी हायिल. मआनच्या साइटवरचा. ओळखलं नाहीत?”

“ओळखलं,” झुहैर म्हणाला.

“दाढी पिकली की तुमची! आम्ही म्हणायचो, अम्मानचे लोक म्हातारे होतच नाहीत, एसीत ठेवलेले असतात.” हायिल हसला. त्याचाही चेहरा भरला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते. “आम्हीही आता अम्मानकरच. बायकोचं माहेर अश्रफियाला. मालक चांगला आहे, तराजू एका हातानेही धरता येतो. तुमचं काय, तेच अजून? पाट्या?”

“तेच.”

“फिरत्या का बसक्या?”

साइटवरची माणसं असंच म्हणायची. सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत जाणाऱ्या सांगाड्यांवरच्या सौर पाट्या त्या फिरत्या, आणि दक्षिणेकडे तोंड करून एकदाच रोवून टाकलेल्या त्या बसक्या. “ते ठरवायचंय,” झुहैर म्हणाला. “या आठवड्यात.”

“फिरत्याच लावा हो. बसक्यांना माणसं कशाला लागतात? एक म्हातारा आणि एक कुत्रं, झालं काम. आमच्याकडची पोरं रिकामी बसलीत.” हायिलने पुडा पुढे सरकवला आणि बहुतेक झुहैरची नजर हलत नाहीये हे पाहून म्हणाला, “याचं काही मनात आणू नका. चूक माझी होती. मी किल्ली फिरवायला विसरलो, यंत्राने काय करावं? यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही.”

झुहैरने पुडा उचलला, सलाम केला, आणि बाहेर आला. चढ चढताना तो काहीतरी वाटण्याची वाट पाहत होता. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण जिभेने हिरडी चाचपून बघतो, तसं त्याने आत चाचपून पाहिलं. हिरडी होती. जीभही होती. पण दोघांची भेट काही होत नव्हती. पुडा अजून गरम होता हे मात्र त्याला कळलं, आणि चढावर एका बाईने वरच्या खिडकीतून गालिचा झटकला त्याची धूळ त्याच्या खांद्यावर पडली, तेही कळलं.

ऑफिसात त्याच्या टेबलावर तेच प्रकरण पडलेलं होतं. मआनच्याही पलीकडे, वाळवंटाच्या काठाशी, सहा खेड्यांसाठी विहिरीतून पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं होतं, आणि पंप चालवायला सौर पाट्या. सांगाडे फिरते घ्यायचे की स्थिर, यावर झुहैरने गुरुवारपर्यंत आपलं मत द्यायचं होतं. तो देईल ते मत पुढे सरकणार, त्यावर सह्या होणार, त्यावर लोखंड मागवलं जाणार. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. पडद्यावर दोन रेषा होत्या. स्थिर पाट्यांची रेषा घंटेसारखी, सकाळी नऊपर्यंत झोपलेली, दुपारी बारा-साडेबाराला उंच उभी, आणि तीननंतर घसरत जाणारी. फिरत्यांची रेषा रुंद खांद्यांची, सकाळी सातलाच उठून बसलेली, संध्याकाळी उशिरापर्यंत न थकणारी. दिवसभराचं मिळून शेकड्यामागे सतरा-अठरा जास्त. पण खरा फरक बेरजेत नव्हता, खांद्यांत होता. खेड्यांतल्या बायका पाण्याला सकाळी निघतात. बसक्या लावल्या तर पंप नऊच्या पुढे जोर धरणार, फिरत्या लावल्या तर सातला. उन्हाळ्यात तिथे सात आणि नऊ यांच्यात काय असतं ते झुहैरने पाहिलेलं होतं. सातला सावल्या लांब असतात आणि नऊला माणूस स्वतःच्या सावलीतही उभा राहू शकत नाही.

दुसऱ्या बाजूला वारा होता. फिरता सांगाडा म्हणजे सांधे, आणि सांधा म्हणजे दुखणं आलंच. प्रत्येक रांगेला एक मोटर, एक दात्यांचं चाक, एक पेटी, वारा वाढला की रांगेने आडवं होऊन निजायचं, वारा पडला की उठायचं. धूळ दात्यांत जाते. काटेरी झुडपांचे गोळे उडत येतात आणि अडकतात. प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. मग कुणीतरी जाऊन त्या हाताने काढाव्या लागतात. बसक्यांना यातलं काही नाही, त्या थडग्यासारख्या असतात, एकदा पुरलं की झालं. झुहैर सोमवारभर बसून आकडे भरत होता. वाऱ्याच्या रकान्यात त्याने एक आकडा घातला, मग थोडा वाढवला. दुरुस्तीच्या दिवसांच्या रकान्यात वर्षाला नऊ होते, ते त्याने चौदा केले. जमीन खडकाळ आहे, खुंट ठोकायला वेळ लागेल, असं एक वाक्य लिहिलं. प्रत्येक फेरफार लहान होता आणि प्रत्येकाला कारण देता आलं असतं. संध्याकाळी त्याने पाहिलं तर दोन्ही रेषांमधलं अंतर जवळजवळ मिटलेलं होतं.

मंगळवारी लमीस त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. लमीस ऑफिसची प्रमुख. त्याच्या वर्गात शिकलेली, त्याला मुलाच्या नावावरून अबू तैम, तैमचा बाप, म्हणणारी, बोलताना हातातलं पेन समोरच्याच्या खांद्यावर टोचायची तिची सवय.

“हा वाऱ्याचा आकडा कुठून आणलास, अबू तैम?”

“जवळच्या हवामान केंद्रावरून.”

“जवळचं केंद्र म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं. आपली जागा खाली खोलगटात आहे.” पेन टोचलं. “आणि दुरुस्तीचे चौदा दिवस? कशानं? तूच तर मागच्या वर्षी सगळ्यांना सांगत फिरत होतास, नवीन सांगाडे सुधारलेत म्हणून.”

“जपून राहिलेलं बरं.”

“जपून राहा की. पण तू तराजूवर अंगठा ठेवतोयस, आणि तो कुणासाठी ठेवतोयस ते मला कळत नाहीये. स्थिर सांगाडे विकणाऱ्याने जेवायला घातलं का तुला?” ती हसली, पण हसून झाल्यावर तिथेच थांबली. “बरा आहेस ना?”

“बरा आहे.”

“हो, तू नेहमीच बरा असतोस,” लमीस म्हणाली आणि गेली.

ते खरं होतं. तो सात वर्षं बरा होता. घरी त्याची बायको सुहा एकदा म्हणाली होती, तुझ्याशी बोलणं म्हणजे लिफ्टशी बोलणं, बटण दाबलं की येतोस, दार उघडतोस, गप्प उभा राहतोस. ती चिडून म्हणाली नव्हती, म्हणून त्यालाही काही उत्तर द्यावं लागलं नव्हतं. त्याचा मोठा भाऊ झरकाच्या इस्पितळात वारला तेव्हा लोक त्याच्या गळ्यात पडून रडले आणि तो त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला, कोण कुणाचं सांत्वन करतंय हे बघणाऱ्याला समजू नये असं. लोक म्हणाले, केवढं धैर्य. मुलगा तैम परदेशी शिकायला निघाला तेव्हा विमानतळावर सुहाने झुहैरचा दंड घट्ट धरला होता, आणि त्याला फक्त एवढंच जाणवलं होतं की तिच्या अंगठीचा खडा शर्टातून टोचतोय. हे कधीपासून असं आहे, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्याला तारीख माहीत होती. तासही माहीत होता. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

तेव्हा मआनजवळचा तो प्रकल्प नुकताच उभा राहिला होता आणि चाचणीचे महिने चालले होते. आखणी झुहैरची. फिरते सांगाडे घ्या, हे मतही त्याचंच. चाचणीच्या काळात साऱ्या रांगांचा ताबा अम्मानमधल्या त्याच्या टेबलावरून घेता यायचा, आणि त्याचं त्याला अप्रूप होतं, दोनशे किलोमीटरवर असलेलं लोखंड आपल्या बोटाने वळतं याचं. तीनदा तो साइटवर जाऊन आला होता. तिन्ही वेळेला हायिलने त्याला मातीच्या ढिगामागे शेगडी पेटवून चहा करून दिला होता, रानातला सुगंधी पाला घातलेला, तोंड आवळेल इतका गोड. हायिलला यंत्र कळायचं. तो दात्यांच्या चाकाला कान लावून सांगायचा, हिला वंगण हवंय, हिची कुरबूर आहे, ही थोरल्या सुनेसारखी, काम करते पण ऐकवून करते. त्या रात्री वारा सुटला होता, सगळ्या रांगा आडव्या निजवल्या होत्या. सकाळी वारा पडला. झुहैरच्या पडद्यावर हिरवे ठिपके एकेक करून उठले, पूर्वेकडे वळले, आणि सहा ठिपके पिवळे राहिले. पिवळा म्हणजे जाग्यावरच्या पेटीतली किल्ली फिरवून कुणीतरी रांग हातात घेतली आहे. रात्रीच्या पाळीने किल्ल्या तशाच सोडल्या असतील, असं त्याला वाटलं. रात्रीची पाळी असं करायची. त्याने साइटच्या ऑफिसला फोन लावला. चारदा वाजला. कुणी उचलला नाही. नऊ वाजता मोठे लोक पडदा बघायला येणार होते, आणि त्या पडद्यावर सहा पिवळे ठिपके बरे दिसले नसते.

पडद्यावरच्या आज्ञांत एक आज्ञा होती, सगळ्या रांगा सक्तीने स्वयंचलित. ती जाग्यावरच्या किल्लीलाही जुमानायची नाही. असं असायला नको होतं, आणि ते असायला नको हे त्याला तेव्हाही माहीत होतं, करायच्या कामांच्या यादीत लिहून ठेवलेलं होतं, पुढच्या दुरुस्तीत करू म्हणून. चौकट उघडली. नक्की का? असं चौकटीने विचारलं. त्याने हो दाबलं. सहाही ठिपके हिरवे झाले. तो उठून कपात कॉफी ओतायला गेला.

फिरता सांगाडा भराभर फिरत नाही. हेच कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं धाडकन काहीतरी झालं असेल. तो घड्याळाच्या काट्यासारखा वळतो, आपण पाहत असलो तर वळत नाही, नजर काढून पुन्हा पाहिलं तर वळलेला असतो. एक्केचाळिसाव्या रांगेच्या दात्यांत झुडपाचा गोळा अडकला होता आणि हायिलचा उजवा हात हातमोज्यासकट आत होता. आधी त्याला वाटलं, हातमोजा कुठेतरी अडकलाय. मग वाटलं, निघेल. थांबवायचं लाल बटण खांबाच्या पलीकडच्या अंगाला होतं, डावा हात तिथवर पोचत नव्हता. मदतीला माणसं धावत आली तेव्हा त्यांनी घाबरून किल्ली इकडे फिरवली, तिकडे फिरवली, रांग मागे घ्यायला. म्हणून चौकशी करणाऱ्यांना किल्ली सापडली ती ‘स्वयंचलित’वर. पडद्यावरही रांग स्वयंचलितच होती. चौकशीवाल्यांनी लिहिलं, कामगाराने किल्ली न फिरवता हात घातला, निष्काळजीपणा. ते झुहैरशीही बोलले होते. पाट्यांचा कोन किती होता, वारा किती होता, असं विचारलं. कुणी आज्ञा दिली होती का, असं विचारलंच नाही. त्याने त्या सकाळची नोंद, वेळ, आज्ञा, तिच्यापुढे त्याचा स्वतःचा वापरकर्ता क्रमांक, हे सगळं एका फाइलीत उतरवून ठेवलं. कधी उघडलं नाही, पुसलंही नाही. दोन महिन्यांनी ती सक्तीची आज्ञा किल्लीपुढे चालू नये अशी दुरुस्ती त्याने करवून घेतली. कागदावर तिचं नाव होतं, सुधारणा क्रमांक अकरा. बैठकीत कुणीतरी म्हणालं, चांगली सुधारणा.

मंगळवारी संध्याकाळी लमीस गेल्यावर त्याने वाढवलेले आकडे एकेक करून परत खाली आणले. चौदाचे नऊ. वारा खोलगटातला. रेषांमधलं अंतर पुन्हा उघडलं, खांदे वर आले, पंप पुन्हा सातचा झाला. त्याला दिसत होतं ते हे, की तो दोन दिवस सावधपणा करत नव्हता. सात वर्षांपूर्वी एका माणसाची तीन बोटं त्याने घेतली होती, आणि त्याची भरपाई म्हणून तो सहा खेड्यांतल्या बायकांना नऊपर्यंत उन्हात उभं करायला निघाला होता, आणि त्याला सावधपणा म्हणत होता. मत द्यायचं तर फिरत्यांचंच द्यायला हवं. पण फिरत्या सुरक्षित कशा करायच्या हे लिहायचं, तर त्या एकदा कशा असुरक्षित ठरल्या होत्या हेही लिहावं लागेल. हा विचार त्याच्या मनातून गेला तेव्हाही छातीत काही हललं नाही. बाजूच्या गच्चीवर कुणीतरी कबुतरं उडवत होतं, शिट्ट्या मारत होतं, आणि कबुतरं एकाच अंगाला वळत होती.

बुधवारी दुपारी तो कॉफीच्या दुकानात गेला. दुपारची गर्दी ओसरली होती, मालक मागे पोती मोजत होता. हायिल काउंटर पुसत होता, फडकं अंगठ्यात आणि करंगळीत धरून.

“एवढ्यात संपली? की आमची कॉफी आवडली एवढी?”

“कॉफी नाही. बोलायचंय.” मग झुहैर उभ्याउभ्याच बोलला. त्याने काही तयारी केली नव्हती, आणि केली असती तरी उपयोग झाला नसता. ऑफिसात आकडे सांगतो तशाच आवाजात त्याने सांगितलं, सहा पिवळे ठिपके, चारदा वाजून न उचललेला फोन, सक्तीची आज्ञा, आठ वाजून दहा मिनिटं. सांगताना तो हायिलला तुम्ही म्हणत होता, हे त्याच्या मधेच लक्षात आलं. साइटवर तो तू म्हणायचा. “रांग आपोआप फिरली नाही. मी फिरवली. इथून.”

हायिलने फडकं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून झुहैर बघत होता. राग आला नाही. हायिल काहीतरी जड उचलून बघत असल्यासारखा दिसत होता.

“थांबा,” तो म्हणाला. “रांग पिवळी होती म्हणता?”

“हो.”

“पिवळी म्हणजे किल्ली फिरवलेली.”

“हो.”

“कोणी फिरवली?”

“तुम्ही. तुम्ही फिरवली होती.”

“मी फिरवली होती.” हायिल हळूच म्हणाला. मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, “मी फिरवली होती?” आणि तो काउंटरच्या मागच्या स्टुलावर बसला. “सहा महिने मी म्हणत होतो, फिरवली. शपथा घेतल्या. मग सगळे म्हणायला लागले, कागदावर असं आहे, तसं आहे. मी आठवायला बसायचो. आठवताना किल्ली फिरवतानाही दिसायची, आणि न फिरवतानाही दिसायची. दोन्ही अगदी स्पष्ट. मग मी म्हटलं, जाऊ दे, नसेल फिरवली.” तो थांबला. “तेव्हापासून मी कुलूप लावून खाली उतरतो आणि परत वर चढतो. लावलं का बघायला. गॅस, नळ, सगळंच. मालक दुकानाची किल्ली माझ्याकडे देतो म्हणाला होता, मी नको म्हटलं.”

 

हायिल उठला. मागे तोंड करून त्याने मालकाला हाक मारली, अर्ध्या तासात येतो. “चला,” तो झुहैरला म्हणाला.

“कुठे?”

“घरी. हे पुन्हा म्हणायचं. माझ्या बायकोसमोर.”

अश्रफियाचा जिना लांब होता, दोन इमारतींच्या मधून वर जाणारा. हायिल पुढे चढत होता, झपाझप, आणि झुहैर मागे, धाप लागत. मधे एका पायरीवर हायिल वळला आणि म्हणाला, “तुम्हाला फोन उचलला नाही म्हणून राग आला होता का?” “नाही,” झुहैर म्हणाला, “राग नव्हता. काहीच नव्हतं.” हायिलने मान हलवली, जणू तेच त्याला हवं होतं किंवा नको होतं, आणि पुन्हा चढायला लागला.

फिद्दा, हायिलची बायको, स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसून भरायच्या भाजीसाठी कोवळे, वीतभर लांबीचे भोपळे कोरत होती. परका माणूस पाहून तिने ओढणी सावरली. हायिलने बसायला सांगितलं नाही, चहा विचारला नाही. त्यांच्यात पाहुण्याला असं कुणी उभं ठेवत नाही. “अबू तैम, सांगा,” तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. झुहैरने बूट दाराशी काढले होते, फरशी मोज्यांतून गार लागत होती. त्याने सगळं पुन्हा सांगितलं. फिद्दाचे हात चालत राहिले, कोरणी फिरत राहिली, आतला गर वळ्या होऊन ताटात पडत राहिला. आठ वाजून दहा मिनिटांपाशी एक भोपळा फुटला. तिने तो बाजूला ठेवला.

“म्हणजे यांनी किल्ली फिरवली होती,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं.”

“त्याच दुपारी कळलं.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. जे होतं तेच तो म्हणाला, “मला कुणी विचारलं नाही.”

फिद्दाने कोरणी खाली ठेवली. “मी विचारत होते,” ती म्हणाली. “रोज. यांना.”

हायिल भिंतीपाशीच होता. फिद्दाने त्याच्याकडे पाहिलं नाही, ताटातल्या गराकडे बघत ती बोलत राहिली, आवाज न चढवता. “पोरांना मी सांगायचे, बापासारखं धांदरट होऊ नका. माझ्या भावांसमोर म्हणायचे. पाहुण्यांत हसून सांगायचे, आमच्या यांना चुलीपाशी सोडू नका, घर जाळतील. हे पण हसायचे.” तिने ओढणीने नाही, मनगटाने डोळे पुसले, कारण बोटांना गर लागलेला होता. “सहा महिने हा माणूस मला सांगत होता, मी फिरवली. आणि मी म्हणाले, पुरे आता. कागदावर वेगळं लिहिलंय, पुरे.”

“फिद्दा,” हायिल म्हणाला.

“तुम्ही जा,” ती झुहैरला म्हणाली. “तुम्हाला काय बोलायचं ते मला सुचत नाहीये. मला आधी यांच्याशी बोलायचंय.”

झुहैरने बूट घातले. नाडी बांधताना त्याने स्वतःकडे पुन्हा एकदा पाहिलं. लोक म्हणतात मन हलकं होतं. हलकं झालं नव्हतं. जडही झालं नव्हतं. फक्त खोलीतला तो आवाज, ‘मी विचारत होते’, त्याच्या आत कुठेतरी ठेवलेला होता, आणि तो तिथेच राहणार आहे हे त्याला कळत होतं, जसं ढग नसतानाही गुडघा दुखणाऱ्याला पाऊस येणार हे कळतं. जिन्यावर हायिल त्याच्या मागून आला, चार पायऱ्या, दार ओढून घेत.

“फिरत्यांचं मत देणार?”

“देणार. पण किल्ली जाग्यावर, आणि तिच्यापुढे अम्मानचं काही चालायचं नाही. तशी अट घालणार. आणि ती का, हे खाली लिहिणार. त्या सकाळची नोंद जोडून.”

“तुमची नोकरी जाईल.”

“बहुतेक.”

हायिलने खालच्या छपरांकडे पाहिलं. छपरांवर पाण्याच्या टाक्या होत्या, पांढऱ्या, काळ्या, सगळ्या आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची वाट बघत बसलेल्या. “मी तुम्हाला माफ केलं असं म्हणत नाही,” तो म्हणाला. “ते मला माहीत नाही अजून. उद्या कदाचित तुम्हाला शिव्या देईन. पण लिहाल तर नाव नीट लिहा. मागच्या कागदावर त्यांनी चुकीचं लिहिलं होतं, हाइल, नुसतं, आणि बापाचं नावही भलतंच. तो कागद वाचताना मला वाटायचं, हे कुणा दुसऱ्याचं आहे, मी वाचतोय.”

“सांगा.”

“हायिल, वडील सुवैलिम, आजोबा दहाम.” झुहैरने फोनवर लिहून घेतलं, आणि दाखवलं. हायिलने अंगठ्याने एक अक्षर दुरुस्त केलं. मग तो वर गेला आणि दार लागलं.

गुरुवारी सकाळी झुहैरने कागद लमीसच्या टेबलावर ठेवले. मत फिरत्यांचं, सकाळच्या दोन तासांसाठी. वारा खोलगटातला. अटी तीन, पहिली किल्लीची. शेवटी एक जास्तीचं पान, त्याच्या सहीचं. लमीसने पहिली पानं भराभर चाळली, मान डोलावली, पेन कागदावर टोचत राहिली. शेवटच्या पानावर पेन थांबलं. तिने ते वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. बाहेर कुणीतरी हसत होतं, प्रिंटर चालू होता.

“सात वर्षं,” ती म्हणाली. “तू माझ्या समोर बसून जेवतोस.”

“हो.”

“हे पान गेलं तर तू इथे राहणार नाहीस. मला तुला ठेवता येणार नाही. आणि हे नुसतं तुझ्यावर थांबेल असंही नाही, अबू तैम. वकील येतील.”

“येऊ देत.”

तिने पान वर उचललं, वेगळं करावं तसं दोन बोटांत धरलं. झुहैर बघत राहिला. ते काढलं गेलं तर तो दुसरं छापून आणणार होता, एवढंच त्याचं ठरलेलं होतं, त्याहून पुढे त्याच्याकडे काही नव्हतं.

“हा दहाम कोण?” तिने विचारलं.

“त्याचे आजोबा.”

“त्यांचा काय संबंध यात?”

“काही नाही,” झुहैर म्हणाला. “त्याने लिहायला सांगितलं.”

लमीसने ते नाव पुन्हा वाचलं. मग तिने पान बाकीच्या पानांच्या खाली, होतं तिथे, ठेवलं आणि सगळ्या कागदांना मिळून एकच पिन मारली.